जर्मनची नाव

पनागरचा मटर बाजारात आला की जबलपूरला थंडी आली, असं माझं साधं गणित आहे. कॅलेंडर काय म्हणतं ते मी पाहत नाही. सकाळचं ऊन ओट्यावर आलं की मी मटराची पिशवी घेते, मांडीवर जुना जर्मनचा गंज ठेवते आणि सोलायला बसते. गंज म्हणजे पातेलं, आणि जर्मन म्हणजे आपलं ॲल्युमिनियम. आमच्या सासूबाईंच्या तोंडी ते शेवटपर्यंत जर्मनच राहिलं आणि त्यांच्यामुळे माझ्याही. पहिल्या मूठभर दाण्यांचा त्या गंजात असा ताशा वाजतो की आतल्या खोलीतून नात ओरडते, "दादी, कितनी आवाज़ करती हो." तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत येतं. मी म्हणते, बस दोन मिनिटं. गंजाचा तळ दाण्यांनी झाकला गेला की आवाज आपोआप थांबतो. पण तेवढ्या दोन मिनिटांत मी पन्नासहून जास्त वर्षं मागे जाऊन आलेली असते.

तो बांगलादेशच्या लढाईचा हिवाळा. लढाई अजून पेटायची होती, पण आमच्या फॅक्टरीच्या वसाहतीला तिची चाहूल आधीच लागली होती. तोफा-गाड्यांच्या गावात पेपर वाचावा लागत नाही, भोंगा दिवसातून किती वेळा वाजतो तेवढं ऐकलं की पुरतं. दिवाळीच्या आधीच ओव्हरटाईम सुरू झाला. सकाळी धुक्यातून नुसत्या घंट्या ऐकू यायच्या आणि मग सायकली दिसायच्या, मफलर गुंडाळलेल्या, हँडलला डबे लटकवलेल्या. आमचे हे बारा-बारा तास कामावर. घरी आले की अंगाला तेलाचा आणि थंडीचा वास, आणि ताटावर बसल्या बसल्या डुलक्या. मी बावीस वर्षांची, लग्न होऊन वर्ध्याहून इथं आल्याला दोन वर्षं झालेली. नवऱ्याशी बोलायची हौस त्या हिवाळ्यात मी त्याचा डबा घासता घासता डब्याशी बोलून भागवली.

सगळी वसाहत धावत होती आणि एकच माणूस बसून होता, माझे सासरे. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. मामाजींनी फॅक्टरीत उभी हयात पत्रा ठोकण्यात घालवली. त्यांच्या शॉपमध्ये, म्हणजे फॅक्टरीतल्या त्यांच्या खात्यात, शंभर हातोड्या एकदम चालायच्या म्हणे. तिथं माणसं हातवाऱ्यांनी बोलत आणि बाहेर आल्यावरही निम्मं तसंच बोलत. त्या शंभर हातोड्यांनी मामाजींचे कान कधीच खाऊन टाकले होते. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. मामाजींनी स्वतःपुरता उपाय काढला होता, ते कशालाही "हो" म्हणत. चहा घेता की दूध? हो. भाजीत मीठ जास्त झालं का? हो. मी सुरुवातीला या "हो"वर दोनदा रडले आहे.

त्याच वर्षी उन्हाळ्यात ते रिटायर झाले होते. पण लढाईचं काम वाढलं तसं फॅक्टरीनं काही जुन्या हातांना परत बोलावलं, त्यात त्यांचंही नाव आलं. पिशवीतून गरम कोट निघाला, त्याला फिनाईलच्या गोळ्यांचा वास, दाढी दोनदा केलेली. डॉक्टरी तपासणी होती. डॉक्टरनं त्यांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि मागून काही शब्द उच्चारले. मामाजी भिंतीकडे बघत उभेच राहिले.

घरी येऊन कोट खुंटीला अडकवला आणि म्हणाले, "तो डॉक्टर पुटपुटून राहिला होता. माणसानं नीट बोलाव का नाही?" मग थोड्या वेळानं, भिंतीलाच सांगावं तसे ते म्हणाले, "मले कंडम केलं." फॅक्टरीत जो माल मोडीत काढतात त्याला कंडम म्हणतात. त्या दिवसापासून ते अंगणात खाट टाकून बसू लागले. हात मांडीवर उपडे ठेवलेले. एवढे मोठे, कामानं घट्टे पडलेले हात असे रिकामे ठेवलेले मला बघवत नसत.

अशात एका दुपारी छिदामी बर्मन आला. छिदामी नर्मदेवरच्या तिलवाराघाटाचा मासेमार. मामाजी वर्षानुवर्षं रविवारी गळ घेऊन त्याच्या नावेत जाऊन बसत आणि संध्याकाळी एखादा रोहू घेऊन परतत. दोघांची एवढी दोस्ती कशावर टिकली याचं मला नवल वाटायचं. पुढं कळलं की मासे धरताना नावेत कुणी बोलतच नाही. भादव्याच्या पुरात छिदामीची लाकडी नाव खडकावर आपटून फुटली होती. आता तो चुलतभावाच्या नावेवर मजुरीनं जात होता, आणि घरात खाणारी सहा तोंडं.

"कछू नहीं दद्दा, ऐसई बताने चले आए," तो उकिडवा बसत म्हणाला.

मामाजींना शब्द कळले नसतील, पण हातानं दाखवलेली फुटलेली नाव कळली. ते खाटेवरून उठले, आत गेले आणि खडू घेऊन आले. "लकड़ी की छोड़. पत्रे की बनाएंगे. हलकी, और सड़ेगी नहीं." मग छिदामीला अंगणाच्या फरशीवर उभं करून त्यांनी त्याच्या पावलांभोवती खडूची रेघ मारली. जाळं फेकताना तो कसा उभा राहतो, कोणता पाय पुढं, गुडघा किती वाकतो, सगळं करून दाखवायला लावलं. तळ सपाट हवा, हे त्यांनीच सांगितलं. हिवाळ्यात नर्मदेचं पाणी उतरतं, खडक वर येतात. सपाट तळाची नाव वीतभर पाण्यातूनही सरकते आणि उभ्या माणसाखाली डगमगत नाही. महिन्याभरात पहिल्यांदा मामाजी सलग इतकं बोलले. सासूबाईंनी आत मला हळूच म्हटलं, "काही का असेना, उठले तर."

पत्रा आणायला आम्ही दोघं गोहलपूरला गेलो. आम्ही दोघं, कारण सासूबाईंनी मला बजावलं, "तू संग जाय. त्याइले मागून येणाऱ्या रिक्षाची घंटी ऐकू येत नाही." सून सासऱ्याबरोबर कबाड्याच्या दुकानी गेल्याचं वसाहतीत कुणी पाहिलं नव्हतं; त्यांनाही बिचाऱ्यांना काही बघायला मिळालं. लिलावात निघालेल्या जुन्या गाड्यांचे ॲल्युमिनियमचे पत्रे तिथं ढिगानं पडलेले. दुकानदारानं एकावर नाणं वाजवलं, "सुनिए दादा, क्या खनक है." मामाजींनी मोठ्या गांभीर्यानं मान डोलावली. मग तळहात फिरवून, अंगठ्यानं कोपरा दाबून त्यांनी भलतेच पत्रे निवडले. परतीच्या रिक्षात त्या पत्र्यांवर हात ठेवून म्हणाले, "हे बी कंडम, मी बी कंडम. जमते आमचं." ते हसत होते, म्हणून मीही हसले. पण ते वाक्य मला आजही बोचतं.

मग पाचएक आठवडे आमच्या घरात नाव राहायला आली. अंगण तिच्याहून आखूड, म्हणून तिचं नाक माझ्या स्वयंपाकघराच्या दारातून आत. मी तिला ओलांडून फोडणी घालत होते. लाकडी मोगरीनं मामाजी पत्रा वळवत तेव्हा तो रुसलेल्या माणसाला समजावावं तसे हळूहळू वळवत. दोन पत्रे जोडताना मध्ये रंगात भिजवलेली कापडाची पट्टी, सासूबाईंच्या जुन्या लुगड्याची. एकदा मी म्हटलं, फॅक्टरीत पत्रे जोडायचे चांगले रिवेट असतील, हे आणतील दोन मुठी. ते त्यांना बरोबर ऐकू आलं. "फॅक्टरीची टाचणी बी या घरात येणार नाही," म्हणाले आणि दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

रिवेट मारायला दोन माणसं लागतात. एक बाहेरून हातोडी मारतो, दुसरा आतून त्याच जागी लोखंडाचा ठोकळा दाबून धरतो. त्याला डॉली म्हणतात. वसाहतीतले सगळे पुरुष ओव्हरटाईमवर. मामाजींनी माझ्याकडे पाहिलं, सासूबाईंकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. "सूनबाई, डॉली धरशील काय?"

उपड्या नावेखाली, पदर खोचून, कानात कापूस घालून मी बसायचे. त्यांनी मला शॉपमधली खूण शिकवली. आतून एक टकटक म्हणजे मारा, दोन म्हणजे बसला, तीन म्हणजे वाकडा गेला, काढा. पत्र्यावरचा त्यांचा डावा हात माझी प्रत्येक खूण उचलायचा, एकही चुकायचा नाही. दोन वर्षांत त्या घरात माझं म्हणणं इतकं नीट कुणाला कळलं नव्हतं. माझ्या कानातला कापूस बघून ते एकदा थांबले. "आमी नाही घातला कधी," म्हणाले. "हासत लोक." पुढच्या दिवशी कापसाची मोठी गुंडाळी त्यांनी स्वतः आणून माझ्याजवळ ठेवली.

आवाजाचं काय सांगू. नाईट करून आलेले शेजारी डोळे चोळत दारात यायचे, सासूबाई त्यांना चिवडा देऊन परत झोपायला पाठवायच्या. मामाजी मात्र शांततेत काम करत होते. त्यांच्यापुरती ती शांतताच होती.

शेवटी शेवटी तर लाडच सुरू झाले. जाळं अडकवायला आकडा, दोरासाठी कडी, मासे जिवंत ठेवायला भोकं पाडलेली पेटी, बसायला आंब्याच्या लाकडाच्या फळ्या. आणि एक छोटी झाकणाची डबी, छिदामीची बिडी-काडी कोरडी राहावी म्हणून बसायच्या जागेखाली रिवेट मारून बसवलेली. घरच्या माणसांसाठी त्यांनी इतकं बारीक काही केल्याचं मला आठवत नाही, आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही.

तपासणीला त्यांच्या शॉपचे तीन जुने सोबती आले. फॅक्टरीच्या माणसाला तपासणीशिवाय काही पुरं झाल्यासारखं वाटत नाही. त्यांनी सांधे चाचपले, नावेत नळानं पाणी भरून कुठं पाझरतं का ते पाहिलं, वर खाली ठोकून एकमेकांकडे माना हलवल्या आणि बाजूला खडूनं "पास" लिहिलं. चौघांच्या मिळून आठ कानांत एकही धड नव्हता, हे तेव्हा माझ्याही ध्यानात आलं नाही. बैलगाडीवरून नाव घाटावर गेली, नारळ फुटला, छिदामी मामाजींच्या पाया पडला. मामाजी घरी येऊन रात्रभर शांत झोपले, सासूबाई सांगत होत्या.

मग लढाई लागली. खिडक्यांच्या काचांना आम्ही काळे कागद चिकटवले, दिवसाही घरात संध्याकाळ. हे तर घरी नुसते अंघोळीला येत. मामाजी रोज विचारायचे, "छिदामी आला काय?" तो येत नव्हता. एका रविवारी आला, रिकाम्या हातानं, म्हणाला पाणी फार गार आहे, मासा तळाला बसलाय. दुसऱ्या रविवारी आलाच नाही.

सासूबाईंबरोबर स्नानाला गेले तेव्हा मला कळलं. नदीवर धुकं होतं, नाव दिसतही नव्हती. पण ऐकू येत होती. सपाट तळावर लाट आपटली की ढम्म, बांबू टेकला की ठण्ण, पाय सरकला की पुन्हा ढम्म. वरातीच्या पुढं वाजावं तसं. छिदामी काठाला आला, मला पाहून ओशाळला.

"मछरी भग जात है, बहू. इत्तो बजत है," तो म्हणाला. "दद्दा से न कहियो. ऊ जी छोटो कर लैहैं." दद्दांचं मन खट्टू होईल, ही त्याची काळजी. तो पुन्हा भावाच्या नावेवर मजुरीला जाणार होता, ही नाव नुसती दिवसातून एकदा दद्दांसाठी पाण्यात घालायची, एवढंच.

आठवडाभर मी ते मनातच ठेवलं. न सांगावं तर छिदामीची पोरं अर्धपोटी. सांगावं तर ज्या एका कामानं मामाजी खाटेवरून उठले, तेच त्यांच्या कानांनी नासवलं, हे त्यांना सांगायचं. आणि सांगायचं तरी कसं? बहिऱ्या माणसाला कुठलीच गोष्ट जपून सांगता येत नाही. आपण जे हळू आवाजात, हात धरून सांगू, ते त्याला ओरडूनच सांगावं लागतं. मी चिठ्ठी लिहिली, वाचली आणि शेगडीत घातली. कागदावर ती फार उद्धट दिसत होती.

परवा नातीनं मला नर्मदेच्या वरच्या अंगाला, बरगीला नेलं. धरण झालं, छिदामी वर जिथवर मासे धरायला जाई ती गावं पाण्याखाली गेली. आता तिथं मोटारीच्या बोटी आहेत, गाणी लावून फिरवतात. नातीनं विचारलं, दादी, डर लगता है क्या? मी नाही म्हटलं. भीती कशाची असते ते मला तिलवाराघाटावर कळलंय.

कारण शेवटी मामाजीच उठले. लढाई संपली होती, काचांवरचे कागद निघाले होते. म्हणाले, चल, नाव बघून येऊ. घाटावर पोचलो तर नाव वाळूत उपडी, आणि छिदामी भावाच्या नावेतून उतरत होता. मामाजी उभेच राहिले. मग त्यांनी विचारलं, "काहून रे? क्या खोट है इसमें?"

छिदामी खाली बघून काहीतरी बोलला. कछू नहीं, असं असावं. पण मामाजींना वाटलं तो तोंड चुकवतोय. "बेच दी क्या? आलसी हो गया? मेरे काम में खोट दिखा, दिखा." ते त्याला हाताला धरून नावेकडे ओढू लागले. आजूबाजूला माणसं जमली. छिदामी मान खाली घालून गप्प, इतका गप्प की तो त्यांच्यासाठी चोरही व्हायला तयार होता.

तेव्हा मी ओरडले. दोन वर्षांत ज्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता, त्यांच्यासमोर उभी राहून, सगळ्या घाटाला ऐकू जाईल असं ओरडले. "मामाजी, नाव वाजते! मासे पळून जातात! तुमाले ऐकू येत नाही!"

मामाजींनी माझ्याकडे पाहिलं, मग नावेकडे. वाकून तिच्या तळावर हाताची मूठ आपटली आणि तळहात तिथंच ठेवून कितीतरी वेळ उभे राहिले. त्यांनी "हो" म्हटलं नाही. मी रडत होते आणि छिदामी मला हातानं पुरे पुरे म्हणत होता.

घरी दोन दिवस ते जेवले आणि बसले, एवढंच. सासूबाई माझ्याशी जपून बोलत होत्या. ह्यांनी विचारलं, तू एवढं ओरडलीस? तिसऱ्या दिवशी मामाजी माझ्यासमोर येऊन पाटावर बसले. माझ्या तोंडाकडे नीट बघत त्यांनी विचारलं, "कसा आवाज येते? सांग मले."

त्यांनी कुणाला असं विचारल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं. मी जवळचं पातेलं उपडं करून त्यावर त्यांचा हात ठेवला आणि ठोकलं. मग त्यावर पोतं घालून ठोकलं. त्यांचे डोळे बदलले.

पुढचे दिवस आम्ही घाटावरच होतो. आतून तळावर डांबर, त्यावर तरटाचा थर, पुन्हा डांबर, वर फळ्या. वल्हं घासतं तिथं सायकलच्या जुन्या ट्यूबचं रबर. एकेक भाग झाला की ते बाहेरून ठोकायचे आणि माझ्याकडे बघायचे. मी मान आडवी हलवली की पुन्हा काम. आधी मी त्यांच्या हाताखाली काम केलं होतं, आता ते माझ्या कानाखाली करत होते, आणि मी सांगते, इतका मुकाट ऐकणारा कारागीर शोधून मिळायचा नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते स्वतःच सांगत, "मले ऐकू येत नाही, पुढं येऊन बोला."

संक्रांतीच्या दोन दिवस आधी, सकाळी, छिदामीनं नाव पाण्यात ढकलली. हेही त्या दिवशी आले होते. धुकं विरळ झालं होतं. छिदामी पुढच्या फळीवर उभा राहिला आणि त्यानं बांबू टेकला. नाव आमच्या समोरून गेली, खडकाला वळसा घालून पुढं निघाली, छिदामीनं जाळं उघडून फेकलं. काठावरचे सगळे नावेकडे बघत होते. मामाजी माझ्याकडे बघत होते.

"आला काय आवाज?"

मी मान हलवली. नाही.

"मले बी नाही आला," मामाजी म्हणाले.